टायरवरील वेगश्रेणीचे अक्षर आणि उष्णतेचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर मोटारीचे टायर बदलताना घ्यावयाच्या काळजीसंबंधी नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. ट्रेडची, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या खाचेदार थराची, खोली, टायरचे वय आणि चाकांचे अलाइनमेंट यांबद्दलचा त्यातला मजकूर नेमका आणि उपयुक्त आहे. मात्र वेगश्रेणीविषयीचे, म्हणजे टायर कमाल किती वेगासाठी मान्य आहे हे सांगणाऱ्या अक्षराविषयीचे, दोन परिच्छेद आणि सोबतचा तक्ता यांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. तक्त्यात वेगश्रेणीची अक्षरे ‘चढत्या क्रमाने’ म्हणून इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेली असल्यामुळे ‘एच’ हे अक्षर सर्वांत खालच्या पायरीवर गेले आहे. मजकुरात तर असे म्हटले आहे की, ज्याची गाडी ताशी १०० किलोमीटरच्या पुढे कधी जात नाही, त्याने वरच्या अक्षराच्या टायरसाठी जास्त पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. पहिली चूक मांडणीची म्हणून सोडून देता येईल. दुसरी समजुतीची आहे, आणि ती इतकी रुळलेली आहे की टायर विकत घेणारा आणि विकणारा असे दोघेही तीच एकमेकांना ऐकवत असतात.

आधी तक्त्याचे पाहू. मोटारींच्या टायरवर नेहमी आढळणारी अक्षरे आणि त्यांचे ताशी किलोमीटरमधील वेग असे आहेत : क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००. क्यूच्या खाली एल म्हणजे १२० पासून दहादहाच्या पायऱ्यांनी एम, एन आणि पी येतात. यू आणि व्ही यांच्या मध्ये एच बसलेला पाहून कोणालाही मुद्रणदोष वाटावा, पण तो तसा नाही. एके काळी युरोपात मोटारींच्या रेडियल टायरसाठी तीनच वर्ग होते : १८० पर्यंत एस, २१० पर्यंत एच आणि त्याच्या वर व्ही. पुढे मधल्या पायऱ्यांची गरज पडली, तेव्हा जुन्या अक्षरांना हात न लावता नवी अक्षरे त्यांच्या आजूबाजूला बसवली गेली आणि एच आपल्या जुन्या जागी राहिला. आपला तक्ता प्रमाण मानून एखाद्याने एच काढून टी बसवला, तर आपण वरची श्रेणी घेतली अशा समजुतीत तो प्रत्यक्षात दोन पायऱ्या खाली उतरलेला असेल. म्हणून ही दुरुस्ती जरा ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

टायरवरचे हे अक्षर शोधतानाही गोंधळ होतो, कारण टायरच्या बाजूवर अक्षरांची गर्दी असते आणि त्यांतली बहुतेक काळ्यावर काळी उठवलेली असतात. एखाद्या टायरवर ‘२०५/५५ आर१६ ९१एच’ असे असेल, तर २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे त्या रुंदीच्या टक्क्यांत सांगितलेले बाजूचे उंचीप्रमाण, आर म्हणजे रेडियल रचना आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. या आरचा ताशी १७० किलोमीटरशी काही संबंध नाही. वेगश्रेणी असते ती शेवटच्या आकड्याला चिकटलेल्या अक्षरात, म्हणजे येथे एचमध्ये, आणि त्याच्या आधीचा ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार उचलू शकतो हे सांगणारा संकेतांक आहे. काही टायरांवर थोडे बाजूला ‘टेम्परेचर ए’ असे छापलेले असते. ती अमेरिकेतली वेगळी प्रतवारी आहे. तिच्यात ए, बी, सी असे तीनच वर्ग असतात आणि त्यातला ए साधारण ताशी १८५ किलोमीटरच्या वरच्या वेगात तग धरणाऱ्या टायरला मिळतो. हा ए आणि वेगश्रेणीचे अक्षर यांची गल्लत करून ‘ए म्हणजे सर्वांत वरचा दर्जा’ असे सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. तात्पुरत्या वापराच्या बारीक स्टेपनीवर आकाराच्या अगदी आधी टी असते, तेही वेगाचे अक्षर नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या नोकरीचा मोठा काळ टायरच्या चाचण्यांशी संबंधित गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की हे अक्षर कोणत्या परीक्षेतून मिळते हे एकदा समजले, तर त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ३० मध्ये ही चाचणी दिलेली आहे. नवा टायर रिमवर चढवून एका मोठ्या पोलादी ड्रमवर दाबून धरतात आणि ड्रम फिरवतात. ड्रमचा व्यास १.७ किंवा २ मीटर असतो. चाचणीच्या खोलीचे तापमान सर्वसाधारणपणे २० ते ३० अंश सेल्सिअस ठेवतात. एच श्रेणीपर्यंतच्या टायरवर त्याच्या लोड इंडेक्सने ठरणाऱ्या भाराच्या ८० टक्के भार दिला जातो. ९१ या इंडेक्सचा अर्थ ६१५ किलो, म्हणून वरच्या उदाहरणातल्या टायरवर सुमारे ४९२ किलो. एच टायरमध्ये हवा साधारण २.८ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या आसपास भरलेली असते, जी बहुतेक मोटारींमध्ये रोज भरल्या जाणाऱ्या हवेपेक्षा बरीच जास्त आहे.

दोन मीटरच्या ड्रमवर एच टायरचा वेग दहा मिनिटांत शून्यापासून १८० पर्यंत नेतात, तेथे दहा मिनिटे ठेवतात, मग १९० ला दहा, २०० ला दहा आणि शेवटी २१० ला वीस मिनिटे. लहान ड्रमवर हेच टप्पे दहा किलोमीटर खाली धरतात, कारण ड्रमची गोलाई जितकी तीव्र तितका टायर जास्त दबतो आणि चाचणी तितकी कठोर होते. एवढे झाल्यावर ट्रेड सुटलेला नसावा, आतले थर विलग झालेले नसावेत, रबराचे ढलपे निघालेले नसावेत आणि धागे किंवा तारा तुटलेल्या नसाव्यात. सहा तासांनी मोजलेला बाह्य व्यास आधीच्या व्यासाहून साडेतीन टक्क्यांपेक्षा अधिक वेगळा भरता कामा नये. संपली परीक्षा. पुरत्या भाराहून कमी भार, भरपूर हवा, माफक तापमानाची खोली, कोरा टायर आणि ठरलेल्या वेगात एकूण वीस मिनिटे, एवढ्यावर ते अक्षर मिळालेले असते. ताशी २१० किलोमीटरने हवे तितके तास जाण्याची हमी त्यात कोठेही नाही.

ही परीक्षा वेगाच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिच्यात टायरशी खरी झुंज घेते ती उष्णता. टायर गोल असला तरी रस्त्याला टेकतो तेथे तो सपाट होतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्याचा प्रत्येक भाग एकदा दबतो, वाकतो आणि पुन्हा पूर्वपदावर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकवलेल्या जागी ती हाताला गरम लागते, तसेच येथे होते, कारण वाकवताना खर्च झालेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही आणि उरलेली उष्णता होऊन आतच राहते. वर सांगितलेल्या आकाराच्या टायरचा परीघ जवळजवळ दोन मीटर असतो, म्हणून ताशी १०० किलोमीटरने तो सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतो आणि तासाभरात त्याचा प्रत्येक भाग ५० हजार वेळा चेपला जातो. रबर उष्णतेचे वाईट वाहक असल्याने आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. ती सर्वांत जास्त साठते ट्रेडच्या दोन्ही कडांखाली, जेथे पोलादी तारांच्या पट्ट्यांची कापलेली टोके संपतात. रबर तारांना धरून राहावे म्हणून त्या तारांवर पितळेचा पातळ मुलामा दिलेला असतो. तरीही टायरमधली पहिली चीर बहुधा या कडांपाशीच पडते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

उष्णतेच्या जोडीला केंद्रापसारक जोर येतो. याच टायरच्या ट्रेडवरचा दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा ताशी ९० किलोमीटरला सुमारे दोन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. वेग दुप्पट, म्हणजे १८० केला की तो ओढा चौपट होऊन आठ किलोपर्यंत जातो. वेगाने केवळ दुप्पट व्हायचे आणि ओढ्याने चौपट, हे गणित चालकाच्या आसनावरून जाणवत नाही. वेग आणखी वाढला की एक टप्पा असा येतो, की रस्त्याला टेकून दबलेला भाग पूर्वपदावर यायच्या आत पुन्हा रस्त्याला टेकतो. त्या वेळी टेकलेल्या जागेच्या मागे टायरच्या अंगावर लाटा उभ्या राहतात. ड्रमवरच्या टायरकडे स्ट्रोबच्या, म्हणजे ठरावीक गतीने लुकलुकणाऱ्या दिव्याच्या, प्रकाशात पाहिले, तर या लाटा जागच्या जागी थिजल्यासारख्या स्पष्ट दिसतात, आणि टायर कडक दिसावा असे वाटत असताना तो लगद्यासारखा हलत असतो. ही स्थिती आली की तापमान झपाट्याने चढते आणि त्यानंतर तो टायर फार वेळ टिकत नाही. वरच्या श्रेणीचा टायर म्हणजे मुख्यतः हा टप्पा पुढे ढकललेला टायर. त्यासाठी पोलादी पट्ट्यांवर नायलॉनच्या धाग्यांचा एक वा दोन थरांचा वेढा घालतात. नायलॉन तापले की आखडते, त्यामुळे टायर जसजसा गरम होतो तसतसा हा वेढा पट्ट्यांना अधिकच घट्ट आवळतो. रबराची मिश्रणेही कमी उष्णता निर्माण करतील अशी निवडतात.

आता लेखातला सल्ला पुन्हा पाहा. ताशी १०० च्या पुढे न जाणाऱ्याला १९० आणि २१० यांतला फरक काय कामाचा, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण हा फरक वेगमापकावर खर्च होत नसतो. तो उष्णता सोसण्याची शिल्लक म्हणून टायरमध्ये पडून असतो, आणि ती शिल्लक रस्ता निरनिराळ्या वाटांनी खातो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि त्याच वेगात जास्त तापतो, ही त्यातली सर्वांत मोठी गळती. आठवडेच्या आठवडे हवा न तपासलेली, पाच माणसे आणि वर सामान लादलेली गाडी भर उन्हात तापलेल्या डांबरावरून तास-दोन तास एका दमात पळवली, तर चाचणीतली एकही अट पाळली गेलेली नसते, आणि वेग मात्र तक्त्यानुसार ‘सुरक्षित’ असतो. अशा प्रवासात टायर फुटला की दोष वेगाला किंवा रस्त्याला दिला जातो. पुष्कळदा टायर बिघडण्याची सुरुवात आधीच्या कित्येक प्रवासांत, कमी हवेने, आतल्या आत झालेली असते. याच कारणाने पंक्चर कसे काढले आहे यालाही महत्त्व आहे. बाहेरून दोरी खुपसून केलेली दुरुस्ती टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून केलेल्या दुरुस्तीच्या बरोबरीची नाही, आणि दुरुस्त केलेल्या टायरची मूळ वेगश्रेणी अनेक उत्पादक मान्यच करत नाहीत.

म्हणून गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या श्रेणीच्या खाली जाऊ नये, हा नियम मला योग्य वाटतो. ही श्रेणी गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते, आणि पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातही असते. गाडीचे स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक यांचा मेळ विशिष्ट ताठरपणाचा टायर धरून बसवलेला असतो, हेही त्यामागचे एक कारण आहे. आपल्याकडे तीच गाडी दुसऱ्या श्रेणीच्या टायरवर कारखान्यातूनच मिळत असेल आणि पुस्तिकेत दोन्ही दिलेल्या असतील, तर त्यांतली खालची घेण्यात काही गैर नाही. तेवढा विवेक ठेवावा. थंडीच्या टायरांना अनेक युरोपीय देशांत मुद्दाम सूट दिलेली आहे : ते गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालच्या श्रेणीचे असले तरी चालतात, मात्र त्या टायरची वेगमर्यादा सांगणारी चिठ्ठी चालकाच्या नजरेसमोर लावावी लागते.

याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. साध्या कौटुंबिक गाडीला डब्ल्यू किंवा वाय श्रेणीचे टायर बसवून ती अधिक सुरक्षित झाली, असे मानणाऱ्यांची मला थोडी गंमत वाटते. ही चाचणी कोरड्या पोलादी ड्रमवर सरळ रेषेत होते. तिच्यात ब्रेक लागत नाही, वळण येत नाही आणि पाणीही नसते. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे या अक्षरावरून कळत नाही. ते ट्रेडचे मिश्रण, त्याच्या खाचा आणि त्या खाचांची उरलेली खोली यांवर ठरते. फार वरच्या श्रेणीचा टायर बहुधा जास्त ताठर असतो, खड्ड्यांचा दणका गाडीत जास्त पोहोचवतो, आणि काही वेळा लवकर झिजतोही. उत्पादकाच्या शिफारशीपेक्षा एखादी पायरी वर जाणे निर्धोक आहे, पण तेथे खर्च होणारा पैसा वाचवून दर पंधरवड्याला हवा तपासण्याची सवय लावून घेतली, तर माझ्या मते तिचा उपयोग कितीतरी जास्त होईल. हवा टायर थंड असताना तपासावी. गरम टायरमधला दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे लोक भेटतात, त्यांना कृपया थांबवावे.

अक्षराच्या आधीच्या आकड्याबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, ही मला मोठी उणीव वाटली. लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर ही जोडी आहे, आणि एकाला सोडून दुसरे वाचता येत नाही. ९१ म्हणजे ६१५ किलो हे वर आलेच, तर ८८ म्हणजे ५६० आणि ९४ म्हणजे ६७० किलो. यातही एक बारकावा आहे : व्ही टायर २१० पर्यंतच हा पूर्ण भार उचलतो. त्यापुढे वेग वाढेल तसा भार कमी धरावा लागतो, आणि २४० ला तो ९१ टक्क्यांवर येतो. डब्ल्यू आणि वाय टायरांचा त्यांच्या कमाल वेगाला ८५ टक्क्यांवर येतो. म्हणजे कमाल वेग आणि कमाल भार हे दोन्ही एकाच वेळी मागण्याचा अधिकार ते अक्षर देत नाही. त्याच आकारात ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) छाप असलेला टायर मिळतो, ज्याचा इंडेक्स ९१ ऐवजी ९४ असतो. मात्र हा वाढीव भार तो २.९ बार दाबावर उचलतो, साध्या टायरच्या २.५ बारवर नाही. एक्सएल घेऊन त्यात जुन्याच सवयीने कमी हवा भरणाऱ्याच्या पदरात त्या छापाचे काहीच पडत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्या बॅटरीमुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीहून लक्षणीय जड असतात, त्यामुळे या आकड्याकडे दुर्लक्ष करणे त्यांच्या मालकांना अधिक महाग पडेल.

चारही चाकांवर एकच श्रेणी असावी हे उत्तम. काही कारणाने दोनच टायर बदलताना श्रेणी वेगळी झाली, तर संपूर्ण गाडी सर्वांत खालच्या श्रेणीची समजून चालवावी, आणि वरच्या श्रेणीची जोडी मागे बसवावी, असे बहुतेक उत्पादक सांगतात. मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढची घसरली, तर गाडी निदान सरळ पुढे जाते. स्पोर्ट्स गाड्यांच्या टायरवर आकारातच ‘झेडआर’ असते, त्याचा अर्थ २४० च्या वर एवढाच. नेमका वेग पाहायला तेथेही लोड इंडेक्सच्या शेजारचे डब्ल्यू किंवा वाय वाचावे लागते, आणि त्यातले वाय जर कंसात असेल, तर टायर ३०० च्याही पुढचा आहे. आपल्या बहुसंख्य वाचकांचा त्याच्याशी संबंध येण्याची शक्यता नाही.

त्यांचा संबंध येतो तो डिकीतल्या स्टेपनीशी. अनेक नव्या गाड्यांत बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी दिलेली असते आणि तिच्यावर बहुधा एम, म्हणजे १३० ची श्रेणी असते. पण त्याच चाकावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा सांगणारी ठळक चिठ्ठीही चिकटवलेली असते. या दोन आकड्यांत विसंगती नाही. एम हा त्या टायरच्या घडणीचा निकाल आहे, तर ८० ही वेगळ्या रुंदीचे एक चाक लागलेल्या गाडीच्या ब्रेकची आणि तोलाची मर्यादा आहे, आणि पाळायची ती ८० चीच. अशा स्टेपनीत हवाही नेहमीच्या टायरपेक्षा खूप जास्त, साधारण ४.२ बार भरावी लागते. ती डिकीच्या तळाशी झाकलेली असल्याने तिची हवा तपासण्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. पुढच्या वेळी चारही चाकांची हवा पाहताना डिकीतले सामान बाजूला करून पाचव्या चाकाची हवाही पाहून घ्यावी.

आपला नम्र,
टायर चाचणीच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक